ग्राफिक्स कार्डाचं निव्वळ वजन

कलम १. मी, मृत्युंजय हत्तुरे, वय एकसष्ट, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, राहणार सोलापूर, खरं तेच लिहीन. हे वाक्य मी एकतीस वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेतलं. स्वतः लिहिताना हात जरा अडखळला, याचीही नोंद व्हावी.

(शेरा: मी मागून वाचत येणार आहे. जिथं खोटं वाटेल तिथं कंसात लिहीन. — दानेश्वरी, पत्नी.)

कलम २. गुरुवारी सकाळी आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या रेघा आल्या. दुसऱ्या कुणाच्या घरी आल्या असत्या तर त्या रेघाच ठरल्या असत्या. आमच्याकडे दानेश्वरी चादरीचं डिझाईन करत होती आणि डिझाईनमध्येही उभ्या रेघा होत्या. कुठल्या तिच्या आणि कुठल्या यंत्राच्या, हे दोघांनाही कळेना. मी म्हणालो, "ती हिरवी छान जमलीय." ती म्हणाली, "ती हिरवी माझी नाही."

त्यानंतर दोन तास घरात कुणी काही छान म्हणालं नाही.

कलम ३.

(कलम ३ माझ्या माहेराविषयी होतं. काढून टाकलं आहे. — दा.)

कलम ४. आता हे डिझाईन साधं नव्हतं. दानेश्वरी बावीस वर्षं चादरीची डिझाईनं करते आहे. आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरायची, हल्ली कॉम्प्युटरवर भरते. तिच्या डिझाईनवर निम्मं सोलापूर झोपलेलं आहे आणि त्यातल्या एकाही माणसाला तिचं नाव माहीत नाही, कारण चादरीच्या काठावर नाव विणतात ते कारखानदाराचं. यंदा राजमल्लू नावाच्या कारखानदारानं प्रथमच कबूल केलं, की डिझाईन पसंत पडलं तर कोपऱ्यात 'दानेश्वरी' हे नाव विणू. अट एकच. फाईल सोमवारी दुपारी बाराच्या आत कारखान्यात हवी. बारानंतर माग दुसऱ्याच्या डिझाईनला लागणार, आणि तो दुसरा फाईल घेऊन तयारच होता.

एक लाख बारा हजार चौकोन होते. त्यातले नऊ हजार भरायचे राहिले होते, आणि पडद्यावर रेघा.

वरच्या मजल्यावरच्या चेतना मॅडमना बोलावलं. त्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवतात. वय पंचेचाळीस, बोलणं मोजकं, चहा बिनसाखरेचा. त्यांनीच दोन वर्षांपूर्वी आमच्या यंत्रावर विंडोज काढून लिनक्स बसवलं होतं आणि बसवताना एक वाक्य म्हणाल्या होत्या, "काका, याचं सगळं उघडं असतं. आत काय चाललंय ते कुणीही वाचू शकतं." हे ऐकून मला जे वाटलं ते आमच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

(नोंद घेतली आहे. — दा.)

माझी बाजू समजून घ्या. एकतीस वर्षं मी तराजू उलटे करून बघितले. दुकानदार वरून हसतो, पारडं वरून चमकतं. जे काही असतं ते खालच्या बाजूला असतं. आमच्या शेजारच्या चन्नप्पाच्या किराणा दुकानात गुळाच्या तराजूखाली मला लोहचुंबक सापडलं होतं. पडलेल्या टाचण्या गोळा करायला ठेवलंय, असं तो त्या दिवशी म्हणाला आणि आजही तेच म्हणतो. तेव्हापासून खालून बघू न देणारी वस्तू मी घरात घेत नाही. आमच्याकडे गोल बुडाचा माठही नाही.

चेतना मॅडमनी यंत्र उघडून बघितलं. "पडदा चांगला आहे. यंत्रातला चित्र काढणारा भाग गेलाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल."

"कुठलं?"

"तीन कंपन्या आहेत. लोक त्यांना रंगावरून ओळखतात. हिरवी, लाल, निळी."

"हळू, हळू," एकनाथराव खिडकीतून म्हणाले. हे आमचे दुसरे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या घरी कुणी आलं की ते आपल्या खिडकीत येतात. "निवडणुकीचे दिवस आहेत. रंगांची नावं मोठ्यानं घेऊ नका."

"कार्ड चालवायला एक सॉफ्टवेअर लागतं, ड्रायव्हर," चेतना मॅडम म्हणाल्या. "लाल आणि निळीचा ड्रायव्हर उघडा असतो, लिनक्समध्येच येतो. निळीचं कार्ड तुमच्या जुन्या यंत्रात नको, कटकट होईल. हिरवीचा बराच काळ पूर्ण बंद होता. आता थोडा उघडलाय."

"थोडा?"

"अर्धाएक म्हणा."

मी ताठ बसलो. बंद दुकानाची मला भीती नाही. उघड्या दुकानाची नाही. अर्धं शटर ओढलेल्या दुकानात मात्र मी कायम दोन पंच सोबत घेऊन गेलो आहे.

"लाल," मी म्हणालो.

"अहो, जे लवकर मिळेल ते घ्या," दानेश्वरी म्हणाली. "मला सोमवार गाठायचाय."

"लालमध्येही एक बारीकसा तुकडा बंद असतो," चेतना मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या, आणि म्हणाल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला. "कार्ड सुरू होताना लागतो. तो कुणालाच वाचता येत नाही."

म्हणजे उघड्या दुकानात एक कुलूपबंद खण! मी ते हरकत नोंदवून मान्य केलं. निघताना जिन्यात चेतना मॅडमनी मला स्वतःचा लॅपटॉपही चार दिवस देऊ केला होता. मी घेतला नाही. त्यात परीक्षेचे पेपर होते. परीक्षेच्या पेपराशेजारी आपल्या घरचं माणूस बसलेलं असू नये. उद्या पेपर फुटला तर पहिला जबाब आमचा.

(हे मला आत्ता कळतंय. लॅपटॉपबद्दल मला सांगितलंच नव्हतं. — दा.)

कलम ४ (पुन्हा, आकडा आधी लिहिला गेला होता हे शेरा वाचण्याच्या गडबडीत लक्षात आलं नाही). सात रस्त्यावर शिवशरणचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. शिवशरण हा चन्नप्पाचा मुलगा. हा संबंध लक्षात ठेवूनच मी आत गेलो. चन्नप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. किराणा आता थोरल्या सुनेकडे आहे आणि हा दिवसभर इथं बसून कुणी काय घेतलं ते बघतो.

"या साहेब," चन्नप्पा म्हणाला. "काय उलटं करून बघायचं म्हनता आज?"

मी दुर्लक्ष केलं. शिवशरणला गरज सांगितली.

"हिरवीचं आत्ता देतो, काका. हे बघा, डबा समोर हाय. तासाभरात बसवून होतंय."

"त्याचा ड्रायव्हर?"

"फुकट येतोय की."

"का?"

"का म्हणजे?"

"बंद वस्तू फुकट का देतात?"

शिवशरणनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी छताकडे बघितलं. मी छताकडे बघितलं; तिथं काही नव्हतं, तरी वडील का बघत होते ते मला अजून समजलेलं नाही.

"लालचं पुण्यावरनं मागवावं लागंल," शिवशरण म्हणाला. "शनिवारी येतंय. काकू थांबतील का?"

"थांबतील," मी म्हणालो.

(थांबतील म्हणाले. — दा.)

शुक्रवार गेला. दानेश्वरी पडद्यावर कापड टाकून बसली होती, आजारी माणसाच्या खोलीत बसतात तशी. मी दोनदा चहा करून दिला. दोन्ही वेळा तिनं कप उचलून आधी खालून बघितला आणि मग प्यायली. हा टोमणा होता हे मला संध्याकाळी कळलं.

कलम ५, म्हणजे खरंतर ६. शनिवारी खोकं आलं. मी ते तसंच उघडणार नव्हतो. पंच म्हणून एकनाथराव आणि चन्नप्पा यांना दिवाणखान्यात बसवलं. आरोपीच्या बापाला पंच करू नये हे मला माहीत आहे. पण तो खोक्याच्या मागोमाग स्वतःच आला आणि बसला.

"चित्रीकरण करा," एकनाथराव म्हणाले. "माझ्या मेहुण्यानं मोबाईल मागवला आणि आत साबण निघाला. चित्रीकरण होतं म्हणून निभावलं."

"मोबाईल मिळाला?"

"नाही. साबण चांगला होता."

खोकं उघडलं. आत स्पंज, स्पंजात चंदेरी पिशवी, पिशवीत कार्ड. दोन पंखे, खाली धातूच्या पात्यांची उतरंड. मी उलटं करून बघितलं. संशयास्पद काही नव्हतं. यानं माझा संशय वाढला.

मग मी ते केलं जे माझ्या जागी कुठलाही निरीक्षक करेल. खोक्याच्या बाजूला वजन छापलं होतं, सातशे ऐंशी ग्रॅम. मी कार्ड पिशवीसकट उचललं आणि चन्नप्पाच्या दुकानात नेऊन त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. आधी काट्यावरची मोहोर तपासली. वर्ष बरोबर, तपासणी झाली त्या तिमाहीचं अक्षर बरोबर, मुदत शिल्लक. थोरली सून म्हणाली, "तुमी येनार म्हनून न्हाय, खरंच करून घेतलंय."

पाचशे अठ्ठ्याण्णव.

एकशे ब्याऐंशी ग्रॅमची खोट! किलोला दहा-पंधरा ग्रॅम मारणारे मी बघितले होते. एवढा धीट माणूस माझ्या उभ्या नोकरीत समोर आला नव्हता.

"काटा चुकत असेल," माझ्यामागोमाग दुकानात आलेले एकनाथराव म्हणाले. तेव्हा मी रिक्षा केली आणि कार्ड नवी पेठेत नेलं. तिथल्या एका सराफाचा काटा मी स्वतः सतरा वर्षं तपासला होता. सराफांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, धातूच्या पात्यांवरून बोट फिरवलं. "मोडायचंय का?" त्यांनी हळूच विचारलं. दुकानात दोन बायका पाटल्या बघत होत्या. त्या माझ्याकडे बघू लागल्या. काट्यावर तेच आलं, पाचशे अठ्ठ्याण्णव, पुढं दोन दशांश.

म्हणजे आत काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं.

घरी येऊन मी कार्डाचे स्क्रू बघितले. एका स्क्रूवर गोल पांढरा कागद चिकटवलेला होता, त्यावर इंग्रजीत बारीक काहीतरी. मी भिंगातून बघितलं. सरकारी मोहोर नाही. वर्ष नाही. तिमाहीचं अक्षर नाही. आमच्या खात्याच्या हिशोबानं हे सील नव्हेच; कुणी खासगी माणसानं चिकटवलेला कागद. अशा कागदाखाली काय असतं ते मी एकतीस वर्षं बघितलं होतं.

मी तो काढला.

(मी "नका" म्हणाले होते. दोनदा. पंचांनी ऐकलं. — दा.)

आत एक चौकोनी काळी चिप होती आणि तिच्यावर राखाडी लोण्यासारखं काहीतरी फासलं होतं. मी ते पुसून घेतलं. भेसळ असावी असं वाटलं.

कलम, आकडा नंतर घालेन. उघडलेलं कार्ड, पात्यांची उतरंड आणि चार स्क्रू ताटात घेऊन मी सात रस्त्याला गेलो. चन्नप्पा माझ्याआधी खुर्चीवर पोचला होता. एवढा चपळ तो कुठल्या सुनावणीला नव्हता.

"वजनात खोट आहे," मी म्हणालो. "एकशे ब्याऐंशी ग्रॅम. परत घ्या."

शिवशरणनं ताटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काका, सील तोडलंय."

"ते सील नव्हतं."

"हितं लिहिलंय. तोडलं तर हमी संपली."

"मोहोर नव्हती त्यावर! तिमाहीचं अक्षर..."

"सील म्हंजे सील," कोपऱ्यातून आवाज आला.

हे वाक्य माझं होतं. गुळाच्या तराजूचं सील तुटलेलं निघालं तेव्हा मी ते चन्नप्पाला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं, याच चालीत, 'म्हंजे'वर थोडा जोर देऊन. त्यानं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि चालही बिघडू दिली नव्हती.

"खोकं कुठाय?" शिवशरणनं विचारलं.

खोकं दानेश्वरीनं कडक भाकरी ठेवायला घेतलं होतं. अगदी मापाचं होतं. तिला फोन केला. "वजनाच्या आकड्याआधी काय लिहिलंय ते वाच," शिवशरणच्या सांगण्यावरून मी म्हणालो. पलीकडे भाकऱ्या काढून ठेवल्याचा आवाज आला.

"जी. डब्ल्यू. असं दिसतंय," ती म्हणाली.

शिवशरणनं खुर्ची पुढं सरकवली. तो चांगल्या घरचा आहे. मी बसलो. जी. डब्ल्यू. म्हणजे ढोबळ वजन. खोकं, स्पंज, माहितीचा कागद, सगळ्यासकट. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक मिठाईवाल्याला मी हात धरून शिकवलं, की पुड्यासकट वजन वेगळं आणि निव्वळ वजन वेगळं. दिवाळीच्या आधी सभा घेऊन शिकवलं. फळ्यावर लिहून शिकवलं. आणि खोकं मी घरी ठेवून आलो होतो.

"टाचण्या पडल्यात का बघा की साहेब," चन्नप्पा म्हणाला. "काढायला चुंबक हाय माज्याकडं."

शिवशरणनं ते राखाडी लोणी नव्यानं लावलं, पाती बसवली, स्क्रू आवळले. ते लोणी उष्णता ओढून घेतं आणि ते पुसलं की चिप जळते, हे त्यानं काम करता करता सांगितलं, माझ्याकडे न बघता. पैसे घेतले नाहीत. "काकूंचं काम अडलंय म्हणून." मी विचार करतो आहे, यात त्याचा काय फायदा असावा.

(चन्नप्पाचा मुलगाही चांगला निघू शकतो. — दा.)

कलम ८. रविवारी सकाळी चेतना मॅडमनी कार्ड यंत्रात बसवलं. मी वही-पेन घेऊन शेजारी उभा. आता ड्रायव्हर बसवायचा; काय काय उतरवून घेतात, कुठं कुठं 'मान्य' म्हणायला लावतात, सगळं लिहून घ्यायचं होतं. त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला. चादर दिसली. दानेश्वरीच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"आता ड्रायव्हर?" मी विचारलं.

"तो आधीपासून आहे, काका. झालं."

"झालं कसं? कुणी काही विचारलं नाही."

"विचारायचं काही नाही."

हे मला पटलं नाही. इतकं सहज काही होत असेल तर खालून बघितलंच पाहिजे. आणि या वेळी खालून बघायची सोय होती; त्यासाठीच तर लाल घेतलं होतं. "तो उघडा ड्रायव्हर मला दाखवा," मी म्हणालो. "वाचल्याशिवाय मी तिला या यंत्रावर बसू देणार नाही."

चेतना मॅडम म्हणाल्या, "काका, लाखो ओळी आहेत."

"वाचायचा अधिकार आहे ना? मग तपासणं आलंच."

मी खुर्चीवर बसलो. दानेश्वरी मागं उभी होती. तिचे नऊ हजार चौकोन राहिले होते आणि सोमवार दुपारपर्यंत सव्वीस तास. मला हे ठाऊक होतं. मी तरीही बसलो. खोटं लिहिणार नाही म्हणून लिहितो.

अक्षर कळत होतं, अर्थ कळत नव्हता. चेतना मॅडमना मी मध्ये मध्ये आलेल्या साध्या इंग्रजी ओळींचा अर्थ विचारत होतो. त्या ओळी यंत्रासाठी नसतात, लिहिणाऱ्यानं दुसऱ्या माणसासाठी ठेवलेल्या असतात. अशा एका ओळीवर त्या थांबल्या आणि हसल्या.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, 'हे इथं का लागतं ते मला समजलेलं नाही. काढलं तर पडदा काळा होतो. म्हणून ठेवलंय.'"

मी ती ओळ तीन वेळा वाचून घेतली. चेष्टा नाही ना, ते विचारलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, तारीख होती. कुठल्याशा देशात बसलेल्या माणसानं आपल्याच तराजूखाली चिठ्ठी लावून ठेवली होती, की हे बरोबर का येतं ते मला माहीत नाही. एकतीस वर्षांत अशी चिठ्ठी मला सापडली नाही. मी स्वतःही कुठं लावलेली नाही.

"किती ओळी झाल्या?" मागून दानेश्वरीनं विचारलं.

"चाळीस."

"अहो," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला. "बावीस वर्षं लोकांच्या नावानं चौकोन भरले. तुम्ही काय वाचायचं ते मंगळवारपासून वाचा. जन्मभर वाचा. आत्ता उठा."

मी उठलो. खुर्ची गरम आहे, असंही म्हणालो. ती बसली, आणि सोमवारी सकाळी नऊपर्यंत जेवणाखेरीज तिथून हलली नाही.

शेवटचं कलम. सोमवारी बाराला वीस कमी असताना आम्ही राजमल्लूच्या कारखान्यात पोचलो. तो दुसरा डिझायनर बाहेरच्या बाकावर फाईल घेऊन बसला होता आणि घड्याळाकडे बघत होता. राजमल्लूनं डिझाईन पडद्यावर लावलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं. "बाई, नंबर एक," तो म्हणाला. मग एक छापील कागद पुढं केला. खाली दोन सह्या. डिझाईन करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. "तपासनारा येगळा मानूस पायजे. हत्तुरे सार हायत की. करा."

दानेश्वरीनं सही केली आणि पेन माझ्यापुढं धरलं. चादरीचे धागे मोजायचं भिंग टेबलावर होतं. एक लाख बारा हजार चौकोन, आणि बाराला आठ कमी. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

मी सही केली. एकही चौकोन न मोजता.

राजमल्लूचा हात कागदावर तसाच थांबला. त्याची मीटरची पट्टी मी वीस वर्षं तपासली होती. एकदा ती सोळा वेळा मोजली होती.

"सार, न बघता केली?"

"हो."

"तुमी?"

"मी."

"थांबव रे माग!" तो आत ओरडला. "बाई, राग मानू नका. हत्तुरे सार न बघता सही करतोय म्हंजे ह्यात कायतरी हाय."

दोन माणसं बसवून त्यानं अख्खं डिझाईन ओळीओळीनं तपासून घेतलं. दोनदा. बारा वाजून गेले, साडेबारा झाले, एक झाला. बाकावरचा डिझायनर आत येऊन उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. मी जन्मात पहिल्यांदा विश्वास ठेवला, आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्या बायकोची झडती चालली होती.

चूक निघाली नाही. एकही. राजमल्लू म्हणाला, तपासणीचा वेळ आपला, बाईंचा नाही. एक वाजून दहा मिनिटांनी माग सुरू झाला. कोपऱ्यातल्या 'दानेश्वरी'चा 'दा' विणून होईपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. तिनं पदर डोळ्यांना लावला. कारखान्यात बारीक कापूस उडतो.

(कापूस नव्हता. — दा.)

परतताना रिक्षात तिनं पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "खरंच नव्हतं बघितलं?"

"नाही."

"चोरून? रात्री?"

"नाही."

"माझ्यावर एवढा विश्वास कधीपासून?"

"बाराला आठ कमी असल्यापासून."

तिनं पर्स उघडली आणि घडी घातलेला एक कागद काढला. कोरा. "मग ह्याच्यावर करा सही."

"काय आहे?"

"कोरा कागद आहे."

मी तो घेतला. उलटा करून बघितला. उजेडाकडे धरून बघितला. मग खाली उजव्या कोपऱ्यात सही केली, तारीख घातली. तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बाहेर बघत बसली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडेच बघत होता.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. त्या कागदावर वरती काय लिहिलं गेलं आहे, ते मला दाखवलेलं नाही. कागद तिच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली कुठं असते याची मी चौकशी सुरू केली आहे.

(जागा बदलली आहे. — दा.)